नकाशावर विश्वास नसलेले सर

सरांचा या जगात कशावर विश्वास असेल, तर तो स्वतःच्या चपलांवर. आणि त्यासुद्धा ते दाराबाहेर सोडायचे नाहीत. संगणकाच्या खोलीत धूळ नको म्हणून सगळ्यांनी पायताणं बाहेर काढायची, असा आमच्या विभागाचा नियम होता. सर चपला काढायचे, कापडी पिशवीत घालायचे आणि ती पिशवी टेबलाच्या पायाला बांधून ठेवायचे. "चोरीला जातील म्हणून का सर?" असं एकदा कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "जातील असं मी म्हटलं का? जाणार नाहीत असं कोण म्हणतं, एवढंच मला कळू दे."

सांगलीच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी. करत होते. विषयाचं नाव लांबलचक, भौगोलिक माहिती शास्त्र. गावाकडे कुणी विचारलं तर 'मोबाइलमधले नकाशे बनवायचं शिक्षण' असं सांगून मी मोकळी व्हायची. विभाग तेव्हा कसाबसा चालला होता. मुलं दोन वर्षं संगणकावर बटणं दाबायची, उपग्रहाच्या चित्रांवरून घरं न् रस्ते गिरवायची आणि मग पुण्याला जाऊन पगार घेऊन तेच गिरवायची. गिरवलेलं बरोबर की चूक हे त्यांना कळत नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. प्रवेश घटायला लागले तेव्हा अभ्यासक्रम सुधारायचं ठरलं आणि त्यासाठी सरांना आणलं गेलं.

सर मूळचे वाईचे. उभी हयात देशभरातल्या नकाशांच्या कचेऱ्यांत काढलेला माणूस निवृत्तीनंतर सांगलीत भाड्याची खोली घेतो आणि आमच्यासारख्यांना शिकवायला येतो, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. मी स्वभावानं संशयी आहे, ते कशाला लपवू? कुणी उगाच गोड बोलायला लागलं की माझा हात आधी पर्सकडे जातो. सर अजिबात गोड बोलायचे नाहीत, तरी माझा हात पर्सवरच होता.

त्यांनी आल्या आल्या काय सुधारणा केली, तर पहिलं सत्रभर संगणकाला हात लावायचा नाही, पायी फिरून जमीन बघायची, असं फर्मान काढलं. भिंतीवरचे रंगीत नकाशे उतरवले. फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहिले आणि ते पुसायला शिपायाला बंदी केली. कुणी काढला? कधी काढला? त्यात त्याचा काय फायदा? समोर कुठलाही नकाशा आला की आधी हे तीन प्रश्न. मग तो भारताचा असो नाहीतर गल्लीचा. आमच्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं, तिनं सरांना पत्रिका दिली. पत्रिकेच्या मागं कार्यालयाचा नकाशा छापलेला. सरांनी वधूवरांची नावं वाचलीच नाहीत, नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "हा कार्यालयवाल्यानं काढलेला दिसतोय. स्टँडच्या शेजारी दाखवलंय, त्या अर्थी लांब असणार. रिक्षानं जा." आम्ही हसलो आणि चालत गेलो. कार्यालय येईपर्यंत पहिली पंगत उठली होती.

विभागप्रमुख मॅडम बिचाऱ्या हवालदिल झाल्या. एका बैठकीत त्या आमच्यादेखत म्हणाल्या, "सर, कंपन्यांना सॉफ्टवेअर येणारी मुलं हवी असतात हो. तुम्ही यांना चालायला काय शिकवताय?"

"सॉफ्टवेअर येईल त्यांना. पुढच्या सत्रात शिकवतो, फार काही अवघड नसतं ते," सर म्हणाले. "पण मॅडम, यंत्रानं उत्तर दिल्यावर त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं कोण शिकवणार? ते आत्ता नाही शिकले तर जन्मात शिकत नाहीत."

सर आम्हाला नावानं हाक मारायचे नाहीत. गावाच्या नावानं मारायचे. नाव काय, आईबाप वाट्टेल ते ठेवतात, गाव निदान जाऊन बघता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वर्गात फलटण होतं, कोरेगाव होतं, दोन इस्लामपूर होते. मी पहिल्या दिवशी वडूज म्हणून सांगितलं. "वडूजमध्येच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसं नाही, वडूजपासून थोडं आत. सरांनी चष्मा काढला. "मग खोटं का सांगितलंस?" तेव्हापासून दोन वर्षं मी 'वडूजच्या आत' झाले. भर बाजारात सुद्धा ते "ओ वडूजच्या आत!" अशी हाक मारायचे आणि लोक वळून बघायचे.

त्यांच्याबरोबर एसटीनं जाणं ही एक शिक्षाच होती. गाडीवर पाटी असायची, तरी ते कंडक्टरला विचारायचे. मग पुढं जाऊन ड्रायव्हरला वेगळं विचारायचे, आणि दोघांची उत्तरं जुळली की मगच पायरीवर पाय ठेवायचे. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "आवं, पाटी दिसत न्हाई व्हय तुमास्नी?" सर शांतपणे म्हणाले, "पाटी तुम्ही लावली का?" त्यानं लावली नव्हती. सर विजयी मुद्रेनं आत चढले आणि आम्ही सगळे माना खाली घालून त्यांच्या मागून.

देवळाचं प्रकरण याच सत्रातलं. मायणीच्या अलीकडच्या एका शिवाराचा जुना नकाशा सरांनी सगळ्यांना वाटला. जागेवर जायचं, नकाशात दाखवलेलं सगळं तिथं आहे का ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. शिवार लांब, ऊन मरणाचं, आणि जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडणार. वर्गानं ठरवलं की हॉस्टेलवर बसूनच लिहू. मी मात्र गेले. प्रामाणिक होते म्हणून नव्हे. मला वाटलं, हा माणूस आपल्याकडून कुणाचं तरी खासगी काम फुकटात करून घेतोय. तिथं कुणाची जमीन आहे, कुणाचा डाव आहे, ते मला शोधून काढायचं होतं.

डाव काही सापडला नाही. ओढा सापडला, विहीर सापडली, शाळा सापडली. नकाशात टेकाडावर 'भिवोबा देऊळ' होतं ते सापडेना. एक म्हातारा शेरडं घेऊन बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "देऊळ? हितं? अगं, आमचा समदा जलम हितंच गेला की. भिवोबा म्हंजी कंचा गं द्येव?" मी अहवालात लिहिलं, देऊळ आढळले नाही. मार्क जाणार म्हणून वाईटही वाटलं.

आठवड्यानं सर अहवालांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले आणि खुर्चीत बसून एकेक वाचायला लागले. फलटणनं लिहिलं होतं की देऊळ सुस्थितीत आहे. कोरेगावनं लिहिलं होतं की देऊळ काळ्या दगडाचं असून समोर लिंबाचं झाड आहे. एका इस्लामपूरनं कळसाला नुकताच रंग दिल्याची नोंद केली होती. दुसऱ्यानं तर कमाल केली, चैत्रात तिथं यात्रा भरते आणि पंचक्रोशीतले लोक नवसाला येतात म्हणून ठोकून दिलं. सर अगदी भक्तिभावानं वाचत होते. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "हा भिवोबा मी माझ्या खोलीत बसून पेनानं काढला. तुम्ही त्याची यात्रा भरवलीत. आता बोला, उद्या तुमचा नकाशा बघून कुणी धरण बांधणार असेल तर?"

मला आतून उकळ्या फुटत होत्या, आता माझं कौतुक होणार म्हणून. सर माझ्याकडे वळले. "आणि तूच एकटी कशी गेलीस? तुला कुणी सांगितलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं लिहिलं त्यांना एका दिवसाची शरम, आणि मी खरं लिहिलं तर माझ्यावर दोन वर्षं पाळत! त्यानंतर माझं प्रत्येक काम ते इतरांपेक्षा जास्त वेळ बघायचे. मीही त्यांचा प्रत्येक शब्द तपासून घ्यायची. आमचं नातं असलं तर एवढंच होतं. पण एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. दुसरं वर्ष येईपर्यंत आमच्या वर्गातला एकही जण न बघितलेलं लिहायला धजत नव्हता. फलटण तर इतका बदलला की मेसमधल्या पातेल्यात डोकावल्याशिवाय ताट घ्यायचा नाही.

शेवटच्या सत्रात प्रबंध असतो. मी माझ्याच गावाचा विषय घेतला. आमचा भाग कोरडवाहू, ज्वारी-बाजरीचा. आता उपसा योजनेचं पाणी यायचं होतं. कालव्याचं काम गावाच्या वरच्या अंगाला चाललं होतं आणि गावाच्या कोणत्या जमिनीला पाणी मिळणार, त्याचा सरकारी नकाशा ग्रामपंचायतीत लागला होता. ज्याचं रान निळ्या रंगात, त्याला पाणी. आमचं रान निळ्यात होतं.

माझे वडील, आबा, फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरी राजस्थानात काढली, काश्मिरात काढली, पण डोक्यात एकच की घरी गेल्यावर पाण्याची शेती करायची. तो नकाशा लागला त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. माळाच्या तुकड्यातल्या बाभळी काढल्या, दगडं वेचून बांधाला लावली, फलटणकडच्या पाहुण्यांना उसाच्या बेण्याचं सांगून ठेवलं. रोज संध्याकाळी रानात जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, सरी कशी पाडायची, पहिलं पाणी कुठून द्यायचं.

मला फक्त तो निळा रंग जमिनीवर पडताळून बघायचा होता. सरांनी उपग्रहावरून मिळणारी उंची घ्यायला मनाई केली होती. "उंची उपग्रहाला विचारू नकोस, त्याला बारीकसारीक चढउतार दिसत नाहीत. जमिनीला विचार." म्हणून मी कॉलेजची लेव्हल घेऊन गेले. तिपाईवर बसवलेली दुर्बीण म्हणा. समोर मापाची उंच पट्टी उभी धरायची आणि दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. मैत्रिणीला घेऊन मी सगळं शिवार मोजलं. सरकारी नकाशा बहुतेक ठिकाणी बरोबर निघाला. चूक निघाली ती एका लांबट पट्ट्यात. तिथली जमीन कालव्यापेक्षा उंच होती, पाणी चढणारच नव्हतं. त्या पट्ट्यात आमचा माळ होता.

घरी मी काही बोलले नाही. सांगलीला येऊन नकाशा सरांसमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ बघून त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

"आमचं."

"त्यात तुझा काय फायदा?"

"फायदा कसला सर, तोटाच आहे."

"तोट्यातही फायदा असतो. पाणी मिळत नाही म्हटलं की जमिनीचा भाव पडतो. घेणारा चुलता वगैरे आहे का कोण?"

मला रडू आलं, ते संतापानं. मी म्हटलं, "मग या तुम्हीच आणि मोजा." आणि ते खरोखर आले. पुढच्याच आठवड्यात, वडूजच्या गाडीनं, खांद्यावर तिपाई आणि पिशवीत स्वतःची भाकरी घेऊन.

आबांना सर फार आवडले. दोघं एकाच जातकुळीचे निघाले, आल्या आल्या आबांनी त्यांचं ओळखपत्र मागितलं आणि सरांनी आनंदानं दाखवलं. मोजणी कशासाठी ते सांगायचं काम मात्र सरांनी माझ्यावर ढकललं नाही. ओसरीवरच त्यांनी सरळ सांगून टाकलं, "सुभेदार, तुमच्या मुलीच्या हिशेबानं तुमच्या माळाला पाणी मिळत नाही. ती चुकली असेल म्हणून मी आलोय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सरकारी नकाशात निळं हाय साहेब. शिक्का हाय त्याच्यावर."

"कुणी काढलाय ते आपल्याला माहीत नाही. चला, बघू."

पट्टी मी धरणार होते. आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "माझं रान हाय. मी धरतो." सरांनी त्यांना समजावून सांगितलं की आकडा जितका मोठा येईल तितकी जमीन खाली, जितका लहान तितकी उंच. आबांना एकदा सांगितलेलं पुरे होतं. मग त्या माळावर एका टोकाला सर दुर्बिणीला डोळा लावून वाकलेले आणि दुसऱ्या टोकाला आबा पट्टी घेऊन ताठ उभे, अशी सगळी दुपार गेली. मी आकडे लिहून घेत होते. सर वाचायचे, थांबायचे, म्हणायचे, "सुभेदार, परत धरा." आबा इकडेतिकडे बघत जागा शोधायचे आणि परत धरायचे. एकच पट्टा पुन्हा पुन्हा मोजला. मला वाटलं, माझी एक तरी चूक सापडल्याशिवाय हा माणूस जाणार नाही.

उन्हं कलली तेव्हा सरांनी दुर्बिणीचं झाकण लावलं. कालवा भरून वाहिला तरी त्याच्या पाण्यापेक्षा माळ माणसाच्या कमरेइतका उंच होता. माझं बरोबर होतं.

आबा पट्टी जमिनीवर ठेवून बांधावर बसले. फौजी माणूस, उगाच वाकणारा नव्हे, पण त्या क्षणी मला ते अचानक म्हातारे दिसले. म्हणाले, "साहेब, नकाशातली ती रेघ जरा वर घेतली तर? एवढासा तर पट्टा हाय. कुणाला कळणाराय?"

"रेघ माझी नाही. तिची आहे, तिला विचारा."

आबांनी विचारलं नाही. घरी येईपर्यंत ते आमच्या पुढं चालत राहिले.

मी सरांना फाट्यावर सोडायला गेले. एसटीची वाट बघताना ते चपलेनं माती उकरत म्हणाले, "हे बघ, पदवी तुला या नकाशाशिवायही मिळेल. दुसरं गाव घे, मी मुदत वाढवून देतो. हे कागद इथंच ठेव."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन वर्षांत या माणसानं एकदाही मला सवलत दिली नव्हती. भिवोबा काढणारा माणूस आज एवढा मऊ का बोलतोय? हासुद्धा सापळाच, माझी खात्री पटली. मी हो म्हटलं की हा उद्या वर्गात सांगणार, बघा, 'वडूजच्या आत'सुद्धा शेवटी इतरांसारखीच निघाली. मी म्हटलं, "नको सर. आहे तेच देणार." सरांनी मान हलवली. गाडी आली, त्यांनी कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं आणि गेले.

नुसत्या हट्टानं दिला तो नकाशा, असंही नाही. आबांनी त्या माळावर ऊस लावला असता तर आमच्या डोळ्यांदेखत तो वाळला असता, ते बघायची माझी तयारी नव्हती. पण हे आबांना समजावून सांगणं मला जमलं नाही. प्रबंध मंजूर झाला. एक प्रत योजनेच्या कचेरीत गेली, तिथून कधी उत्तर आलं नाही, आणि ग्रामपंचायतीतला निळा नकाशा होता तसाच राहिला. आबांनी बेण्याचा निरोप मोडला. माझ्याशी ते महिनोन्‌महिने कामापुरतंच बोलायचे. "जेवलीस का" एवढं विचारायचे, ते मात्र कधी चुकलं नाही.

आता मी फलटणकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या क्षेत्राची मोजणी बघते. हाताखालची पोरं म्हणतात, मॅडम लय संशयी हायत. सर सांगली सोडून वाईला गेले. त्यांच्यामागं आमच्या कॉलेजानं बराचसा अभ्यासक्रम तसाच ठेवला, असं ऐकते.

या वर्षी कालव्याला पाणी सुटलं. मी सुटी काढून गावी गेले. सगळं गाव कालव्यावर लोटलं होतं, कुणी ओंजळीनं पाणी उडवत होतं, कुणी नारळ फोडत होतं. आबा गर्दीत नव्हते. ते माळावर बांधाशी उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाणी पाटातून आलं, खालच्या रानांकडे वळलं आणि आमच्या बांधाखालून निघून गेलं. बघता बघता खालची सगळी जमीन काळीभोर दिसायला लागली. माझ्या मनात आलं, देवा, एकदा तरी मी चुकले असते.

तेवढ्यात फोन वाजला. कुठून बातमी कळली कोण जाणे. "वडूजच्या आत? पाणी आलं का?"

"आलं सर. खालच्या अंगाला आलं. आमच्याकडे नाही चढलं."

मग सर म्हणाले, "म्हणजे बरोबर होतं आपलं." पण सुरात आनंद नव्हता.

आबांनी विचारलं, "तुजं सर हायत व्हय?" मी मान डोलावली. आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "त्यास्नी सांग, त्या दिशी मी त्यास्नी फसिवलं. जितं खळगा दिसंल तितंच पट्टी धरत हुतो. म्हटलं, तेवढीच जमीन खाली दिसंल. तरीबी न्हाई जमलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांना, आणि हे सांगायचं? पण आबा माझ्याकडे बघत थांबले होते, म्हणून सांगितलं, त्यांच्याच शब्दांत.

"माहीत आहे," सर म्हणाले. "दुर्बिणीतून खळगे दिसत होते मला."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"बोलणार होतो गं. मग म्हटलं, धरू दे त्यांना. तेवढ्यानं पाणी चढत असेल तर चढू दे."